मामाचा पट्टा: प्रकल्पाच्या नोंदी

6 जुलै 2024, शनिवार

मामासाठी कमरेचा पट्टा करायचं काम अखेर वहीत चढवलं. मामा निवृत्त सुभेदार, आता लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफांचा अंगरक्षक. स्वतःच्या परवान्यावरचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर, कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्यातलं, सहा गोळ्यांचं. सकाळी कमरेला चढतं ते शेठना रात्री घरी सोडेपर्यंत उतरत नाही. मागणी दोन वाक्यांची: "दिवसभर पॅन्ट वर ओढत बसायला लागू नये. आणि ही मांडी बधिर होते, ती होऊ नये."

मांडीचं काय ते नीट विचारलं. उजवी मांडी, बाहेरची बाजू. दुपारी मुंग्या येतात आणि संध्याकाळी हात फिरवला तरी कळत नाही. आधी डॉक्टर, मग पट्टा, असं सांगून टाकलं. मामी आतून म्हणाली, "मी केव्हाची हेच सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण."

वर्कशॉपचा नियम आत्ताच लिहून ठेवते: रिव्हॉल्व्हर इथे येणार नाही. माझ्याकडे परवाना नाही, आणि पट्टा करायला शस्त्र लागतही नाही. त्याचं वजन आणि रिकामं होल्स्टर, म्हणजे ते अडकवायचं म्यान, एवढं पुरे. मामाला हे पटलं. त्याने घरीच गोळ्या काढून सगळं वेगवेगळं तोललं. रिव्हॉल्व्हर 700 ग्रॅमच्या आसपास, गोळ्या आणि चामड्याचं होल्स्टर धरून 900 च्या जरा आत. कानपूरहूनच 2014 मध्ये आलेलं टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' 500 ग्रॅमचं आहे, पण त्याची किंमत लाखाच्या वर. पट्टा स्वस्त पडेल.

शर्ट खोचून होल्स्टर वरून लाव, म्हणजे निम्मा त्रास कमी, असं मी सुचवून पाहिलं. मामाने शस्त्र नियम, 2016 ऐकवले. सार्वजनिक जागी पिस्तुल-रिव्हॉल्व्हर अंगावर न्यायचं तर ते त्यासाठीच केलेल्या होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेलं, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात राहील असं हवं. म्हणजे होल्स्टर झाकणारा सफारी सूट राहणार. सफारीखाली जे काही फुगेल ते दिसणार, हेही आलंच.

11 जुलै

डॉक्टरांचं निदान आलं. नाव लांबलचक आहे, मेराल्जिया पॅरेस्थेटिका. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी एक नस खुब्याच्या पुढच्या हाडाजवळ, जांघेतल्या बंधाखालून मांडीत उतरते. कमरेला घट्ट काही आवळलं, पोट सुटलेलं असलं, तर ती तिथे चेपते. ती फक्त संवेदनेची नस आहे, त्यामुळे पायातली ताकद जात नाही. इलाजाची पहिली पायरी म्हणजे पट्टा सैल करा.

मामा म्हणाला, "सैल केला की पॅन्ट खाली, होल्स्टर बाहेर. मग नोकरी कशाची करायची?"

या वाक्यातच अख्खं काम आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवून घेतलं. मामा पट्टा आवळतो तो पॅन्ट टिकावी म्हणून नाही. होल्स्टरचा वरचा भाग पोटापासून सुटून बाहेर झुकतो, सफारीला टोक येतं, आणि ते आत घ्यायला तो एक भोक पुढे जातो. दुपारी जेवण झाल्यावर तेच भोक काचतं. पट्ट्याने ताठ राहून करायचं काम मामा आवळून करून घेतोय. तेव्हा पट्टा असा हवा की सैल बांधला तरी वजन झुकू देणार नाही.

13 जुलै

मामाकडचे तिन्ही पट्टे टेबलावर घेतले.

पहिला काळा, ऑफिसात घालतात तसला, मागे अस्सल चामड्याचा शिक्का. रापीने आडवा कापला. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, मध्ये दाबलेला लगदा, खाली चामड्याचा इतका पातळ थर की उजेड दिसावा. शिक्का खोटा नाही, चामडं आहे. नखाएवढं. होल्स्टर जिथे बसतं तिथे मधला लगदा मोडून पट्ट्याला कायमचा पीळ पडलाय.

दुसरा ऑटो-लॉकचा, दात्यांच्या पट्टीवर सरकणारा. याची कल्पना मला आवडते. भोकं नाहीत, सहा-सात मिलिमीटरच्या टप्प्याने सैल-घट्ट करता येतो, जेवणानंतर दोन टक् सैल केला की झालं. पण बक्कल पट्ट्याला नुसत्या चिमट्याने धरलंय आणि पट्टा पुन्हा तोच लगद्याचा.

तिसरा जुना फौजी, विणलेल्या जाड पट्टीचा. हा तुटणार नाही, ताणणारही नाही. पण पट्टी एकेरी असल्यामुळे वजनाखाली सुरळी होऊन कडेवर उभी राहते आणि कड मांसात रुतते. मामा फौजेत असताना त्याच्यावर सगळी सामग्री, दोन्ही बाजूंना समतोल. एकाच बाजूला एक किलो हे काम त्याचं नव्हेच.

14 जुलै, रविवार

चाचणीसाठी कंबर हवी होती. भंगारातून 315 मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा मिळाला. परीघ 990 मिलिमीटर, म्हणजे 39 इंच. मामाची कंबर होल्स्टरसकट साधारण तेवढीच. पाईपला पातळ फोम गुंडाळला, पट्टा बांधला, होल्स्टर अडकवलं, आत वाळूची पिशवी, एकूण वजन 900 ग्रॅम. होल्स्टरच्या पाठीवर फोन टेकवून त्यातल्या लेव्हलने झुकाव पाहायचा. पट्टा आणि पाईप यांच्यात दोन बोटं सहज जातील इतकाच बांधायचा, सगळ्यांना तोच नियम.

काळा पट्टा: 19 अंश बाहेर. ऑटो-लॉक: 16. फौजी: मोजण्यात अर्थ नाही, फिरलाच. माझ्याकडची 4 मिलिमीटर जाड चामड्याची एकेरी पट्टी: 9.

पट्टा दोन तऱ्हांनी हलतो. एक, कमरेभोवती वळतो. हे त्याने मऊपणे करायला हवं. दुसरं, स्वतःच्या लांबीभोवती पीळ घेतो, म्हणजे वरची कड बाहेर आणि खालची आत. हे त्याने अजिबात करता कामा नये. दुकानात पट्टा हातात घेऊन लोक पहिलीच परीक्षा करतात, गोल गुंडाळून बघतात, "छान मऊ आहे" म्हणतात. दोन हातांत वीतभर अंतरावर धरून ओल्या कपड्यासारखा पिळून कुणीच बघत नाही. घ्यायचा असेल तर तेवढं एकच करावं.

19 जुलै

जाडीचं गणित. नोकरीत पत्र्याच्या ब्रॅकेटवर हेच करत होते, फक्त तिथे कुणाची मांडी बधिर होत नव्हती.

ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. पण दोन थर एकजीव असतील तरच. 3 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर त्या एकमेकींवरून सरकतात आणि ताठपणा फक्त दुप्पट होतो. त्याच चिकटवून, शिवून एक केल्या की आठपट. चामडं तेवढंच, पैसे तेवढेच, फरक चौपट. म्हणून बाजारातले दुहेरी म्हणवणारे पट्टे पाहताना कड बघावी. थरांच्या मध्ये नख शिरत असेल तर ते दुहेरी नाव सोडून द्यावं.

मामाच्या एका सोबत्याने आत पोलादी पट्टी घातलेला परदेशी पट्टा घेतलाय आणि तसाच कर म्हणतोय. विचार केला, सोडून दिला. पोलाद खाली बसताना वळत नाही. शिवाय होल्स्टर गाडीच्या लॉकरमध्ये ठेवून मामा मॉलच्या दारातून शेठबरोबर आत जाईल तेव्हा पट्टाच ओरडेल. एचडीपीई प्लॅस्टिकची पट्टी आत घालावी तर त्याला सोल्युशन धरत नाही, दोन दिवसांत थर सुटतात, आणि सुटले की वरचं गणित बोंबललं. चामडंच दोन थरांत करायचं. एकूण जाडी साडेपाच ते सहा मिलिमीटर, रुंदी 38.

रुंदीवर मामाशी वाद झाला. त्याला 45 हवी होती, "जितका रुंद तितका भार पसरतो." खरं आहे, पण सफारीच्या पॅन्टच्या लूपमधून 45 जाणार नाही, आणि होल्स्टरची क्लिप दीड इंचाची आहे. दीड इंचाच्या क्लिपमध्ये दीड इंचाचा पट्टा अंगाबरोबर बसला पाहिजे. सैल क्लिप असली की पट्टा कितीही ताठ असो, होल्स्टर आपलं आपलं डुलतं.

28 जुलै

कानपूरहून मागवलेलं चामडं उशिरा आलं. 25 तारखेच्या पावसात खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत शिरलं, दोन दिवस इकडे कुरिअरवाला फिरकलाच नाही.

म्हशीचं, हार्नेसचं म्हणजे घोड्याच्या साजाचं, झाडाच्या सालीत कमावलेलं. 2015 मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून इथे जाड कातडं म्हणजे बहुतेक म्हशीचंच. जीन-लगाम शिवण्याचा धंदा कानपुरात इंग्रजी फौजेच्या काळापासून आहे, त्यामुळे असलं चामडं तिथे अजून मिळतं.

क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं चामडं दिवसा-दोन दिवसांत तयार होतं, मऊ असतं, पाण्याला बरं, पण रबरासारखं ताणतं. सालीत कमावायला आठवडे लागतात आणि ते टणक होतं, आकार धरतं. ओळखायला सोपं आहे. कापलेल्या कडेत मध्यभागी निळसर-करडी झाक दिसली तर क्रोम. आरपार तपकिरी असलं आणि पाण्याचा थेंब टाकताच डाग गडद होत पसरला तर सालीचं. तुकडा जाळला तर क्रोमच्या राखेला हिरवट रंग येतो, पण वर्कशॉपमध्ये तो वास दिवसभर राहतो म्हणून मी थेंबावरच भागवते.

दादा आले होते. आमचे कारागीर, घराणं कोल्हापुरी चपलांचं. त्यांना थेंबही लागत नाही, कडेला नुसता अंगठा लावून सांगतात. त्यांनी पाठीच्या कण्याला समांतर, कण्याजवळून पट्टी काढायला सांगितली. पोटाकडचं कातडं स्वस्त, पण ते सैल विणीचं, सहा महिन्यांत दोन भोकं ताणतं. एका बाजूतून, म्हणजे अर्ध्या कातड्यातून, अशा सरळ, निर्दोष पट्ट्या मोजक्याच निघतात. पट्टा महाग का, याचं उत्तर शिवणीत नाही, इथे आहे. उरलेलं पोट वाया जात नाही, किल्लीच्या पाकिटांना चालतं.

4 ऑगस्ट, रविवार

जुन्या बाजारात बक्कल शोधलं. नव्या दुकानांत जे पिवळं दिसतं ते बहुतेक ओतलेलं जस्त, वर मुलामा. हातात हलकं लागतं, आणि मोडतं ते नेमकं जीभ बसते त्या कानाशी, आधी काही कळू न देता. पितळेचं भरीव, 38 चं, एका जिभेचं मिळालं, कुठल्यातरी जुन्या लष्करी पट्ट्याचं. विक्रेता म्हणाला, "ताई, हे तुमच्या पट्ट्यापेक्षा जास्त जगेल." जगेल. म्हणून बक्कल शिवायचं नाही, पेचाच्या रिव्हेटनी बसवायचं. पट्टा गेला तरी बक्कल काढून घेता येईल.

चुंबक जवळ नेऊन पितळ ठरवणारे लोक भेटतात. चुंबक जस्तालाही चिकटत नाही. वजन बघावं आणि आतल्या बाजूला कानशीचा एक ओरखडा मारावा, पिवळं आतपर्यंत आहे का ते दिसतं.

11 ऑगस्ट

चिकटवण्याचा दिवस. वरचा थर 3.2 मिलिमीटर, आतला 2.6. दोन्हींच्या मांसाच्या बाजू खरवडल्या, सोल्युशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं.

सपाट टेबलावर चिकटवला तर कमरेभोवती वळताना आतल्या थराला सुरकुत्या पडतात, कारण आतला थर लांबीला जास्त होतो. किती जास्त, ते काढलं. दोन्ही थरांच्या मध्यरेषांत सुमारे 3 मिलिमीटर अंतर. पूर्ण वळशाला फरक 2π गुणिले 3, म्हणजे जवळपास 19 मिलिमीटर. यातली गंमत अशी की कंबर 28 असो की 44, गोल असो की चपटी, फरक तेवढाच राहतो. सूत्रात कंबर येतच नाही. मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "चला, कुठेतरी माझं पोट मोजलं गेलं नाही."

म्हणून पट्टा पाईपवरच चिकटवला. आधी आतला थर पाईपला गुंडाळून ठेवला, मग दादांनी वरचा थर बक्कलकडून एकेक वीत बसवत आणला, मागे मी हातोडीने ठोकत गेले. शेवटी आतला थर बाहेर आला तेवढा कापला. आता पट्टा टेबलावर ठेवला तरी सरळ पडत नाही, किंचित वळूनच बसतो. गिऱ्हाईक बघेल तर म्हणेल वाकडा आहे.

17 ऑगस्ट

शिवण. दादा दोन सुयांनी हाताने शिवतात, एकच मेणाचा दोरा, दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनच्या शिवणीत वरचा-खालचा दोरा नुसता एकमेकांत अडकलेला असतो, एक सुटला की ओळ उसवते. टाके इंचाला सहा. मला सात हवे होते, दिसायला बरे. दादा म्हणाले, "जवळजवळ भोकं पाडली की तिकिटासारखं फाटतं." सहाच केले.

कडा गोल केल्या, कतीरा गोंद लावून कापडाने घासून चकचकीत केल्या. हे शोभेचं काम समजू नये. वरची कड बरगड्यांखालच्या मांसावर आणि खालची खुब्यावर टेकते. चौकोनी कड राहिली तर सहा मिलिमीटरचा पट्टा अंगात रुततो आणि मग दोष जाडीला दिला जातो.

भोकं सात, अर्ध्या इंचाच्या अंतराने. नेहमीच्या एक इंचात मामाचं सकाळचं पोट आणि दुपारचं पोट यांच्यामध्ये बसेल असं भोकच नसतं. मधलं भोक होल्स्टर आत असताना लागेल त्या मापावर. माप पॅन्टच्या नंबरावरून घेऊ नये. सध्याचा पट्टा पसरून, बक्कलच्या घडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजावं. तेही होल्स्टर घालून. पॅन्टच्या आत बसणारं होल्स्टर कमरेला दीड-दोन इंच सहज वाढवतं.

पाईपवर ठेवला. दोन बोटं सैल. झुकाव 3 अंश.

25 ऑगस्ट

मामाने आठवडाभर वापरून अहवाल दिला, फौजी पद्धतीने, मुद्दे मोजत.

उभं राहणं: उत्तम. सफारीला टोक नाही.

खाली बसणं: पहिले दोन दिवस ताठ, नंतर सैलावला.

संडास: याबद्दल कुणी लिहीत नाही, पण भारतीय संडासात कमरेला एक किलो बांधून बसणाऱ्याला विचारा. बक्कल उघडलं की मऊ पट्टा वजनाने खाली लोंबतो. मामाची पद्धत: पॅन्ट गुडघ्यांशी आली की बक्कल पुन्हा लावायचं, पट्टा कड्यासारखा उभा राहतो, होल्स्टर जागचं हलत नाही. नव्या पट्ट्याने हे जास्त चांगलं होतं. मामी म्हणाली, हे वहीत लिहू नकोस. लिहिलं.

गाडी: इथे अडचण. मामा ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, डावीकडच्या सीटवर. आपल्याकडे त्या सीटचा सुरक्षा पट्टा डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या खुब्याशी अडकतो, म्हणजे नेमका होल्स्टरवर. पट्ट्याचं कुलूप आणि रिव्हॉल्व्हरची मूठ एकाच चार बोटांच्या जागेत.  होल्स्टर तीन बोटं मागे सरकवायचं ठरलं. पण मागे नेमका पॅन्टचा लूप येतो.

मग शिंप्याकडे. मामा अजून पॅन्ट शिवूनच घेतो, ही गोष्ट इथे कामाला आली. उजव्या बाजूचा लूप दोन बोटं पुढे, त्याच्या मागे एक जास्तीचा, दोघांच्या मधोमध क्लिप. लूपांची उंची दोन इंच, कापड दुहेरी. बऱ्याच रेडिमेड पॅन्टना पाचच लूप असतात आणि मधे मोठी मोकळी जागा. पट्टा तिथे कंबरपट्टीवरून वर चढतो किंवा खाली घसरतो. चांगला पट्टा घेऊन तो पाच बारीक लूपांच्या पॅन्टला लावणं म्हणजे पैसे पाण्यात. शिंप्याने काही विचारलं नाही. सफारीवाल्यांची पॅन्ट तो काही आजच पहिल्यांदा शिवत नाहीये.

18 सप्टेंबर

काल विसर्जन. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक, दुकान बंद, मामाला सुट्टी. मामेभाऊ पथकात ढोल वाजवतो. रात्री घरी आला तेव्हा त्याच्या कमरेवरचे वळ बघून विचारलं, ढोल बांधतोस कुठे? पोटावर बांधणारी नवी मुलं तासाभरात बसतात, म्हणाला. जुनी मुलं खुब्याच्या हाडावर घेतात, खाली कापडाची घडी घालतात, म्हणजे वजन हाड घेतं.

मामाची पॅन्ट बेंबीखाली घसरलेली असते, तिथे हाड नाही, उतार आहे. उंच कंबरेची पॅन्ट शिवायची, पट्टा खुब्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकेल अशी. त्याने पुढच्या बाजूला, नसेच्या जागीही दाब कमी येईल. शिंप्याला फोन.

पट्ट्याची स्थिती: घामाने आतली बाजू गडद झाली, पीळ नाही. बक्कलच्या घडीत हिरवट मेणासारखं जमलंय. चामड्यातलं तेल आणि पितळातलं तांबं यांचं ते लफडं, पुसलं की जातं.

16 ऑक्टोबर

काल विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. मामाला शस्त्र जमा करण्याची नोटीस येईल असं तो म्हणतोय. दर निवडणुकीला होतं, त्याला सवय आहे. मतदान 20 नोव्हेंबरला.

मला हे बरंच झालं. तोपर्यंत पट्ट्याची चाचणी थांबवायची नाही. होल्स्टरमध्ये शिशाच्या पत्र्याची गुंडाळी, 780 ग्रॅम, कापडात शिवून. शस्त्राशिवाय, नुसतं वजन. झुकणं, काचणं, मांडी, सगळं यातूनही कळतं. मामाला घरात हे घालून फिरताना बघून शेजारचे आजोबा म्हणाले, "काय सुभेदार, वजन वाढवताय की कमी करताय?"

2 नोव्हेंबर

पाडवा. मामाकडे जेवण. जेवणानंतर एक भोक सैल, झुकावात फरक दिसला नाही. पुरणपोळीची चाचणी पास.

मांडीत मुंग्या आठवड्यातून एखादवेळी, बधिरपणा नाही. यात पट्टा किती, उंच कंबरेची पॅन्ट किती आणि रोजची दुपारची फेरी किती, हे वेगळं काढता येणार नाही. डॉक्टरांनी वजनही उतरवायला सांगितलंय.

27 नोव्हेंबर

निकालानंतर शस्त्र परत मिळालं. होल्स्टरबद्दल मामाला दोन गोष्टी बजावल्या. रात्री रिव्हॉल्व्हर चामड्यात ठेवायचं नाही. सालीच्या चामड्यातलं टॅनिन आणि ओलं पोलाद भेटलं की निळाकाळा डाग आणि गंज. दादा चामडं काळं करायला लोखंडाचं पाणी वापरतात ते याच कारणाने. गोळ्याही चामड्याच्या कप्प्यात महिनोन्महिने ठेवल्या तर पितळेवर तोच हिरवा थर चढतो. मामा म्हणाला, "हे मला फौजेने शिकवलंय, तू पट्ट्याचं बघ."

पट्ट्याचं बघितलं. पाईपवर पुन्हा लावला: 4 अंश. तीन महिन्यांत एका अंशाने हलला. लांबी वाढली ती सहा मिलिमीटर, अर्ध्या भोकाएवढी.

8 डिसेंबर, रविवार

काळजीचा कागद मामाच्या कपाटावर चिकटवला: रात्री पट्टा पॅन्टमधून काढून खुंटीला बक्कलवर टांगायचा, गुंडाळून खणात टाकायचा नाही. पावसाळ्यात भिजला तर पंख्याखाली, उन्हात किंवा गीझरवर नाही. तेल वर्षातून एकदा, तेही चार थेंब. जास्त तेल म्हणजे मऊ पट्टा, आणि मऊ पट्टा म्हणजे पुन्हा काळ्या पट्ट्यापाशी. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने सावलीत पुसायची.

मामाच्या एजन्सीतल्या एका मुलीने पट्टा बघून मागणी दिली. डावरी आहे, म्हणजे होल्स्टर डाव्या बाजूला आणि गाडीतल्या कुलपाची अडचण आपोआप सुटली. पण तिची कंबर आणि खुबा यांच्या मापात बराच फरक आहे. सरळ पट्टा तिला खालच्या कडेवर घट्ट आणि वरच्या कडेवर मागे उघडा पडेल. तिला वक्र कापलेला पट्टा लागणार. म्हणजे कण्याला समांतर सरळ पट्टी चालणार नाही, एका पट्ट्याला दोन पट्ट्यांचं चामडं जाईल, आणि किंमत तिला आधीच सांगायला हवी. माप दोन जागी घ्यायचं: पट्ट्याच्या वरच्या कडेला आणि खालच्या कडेला, होल्स्टर घालून. साचा आधी जाड पुठ्ठ्यावर. दादांना मंगळवारी बोलावलंय.